मूठभर मागे

आई गेली तेव्हा जमीन गोठलेली होती,
कुदळ पडली की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज.
सारेमा बेटावरच्या त्या घरातून मी आणलं ते एवढंच:
तिचा चष्मा,
लोकरीचे मोजे, त्यातला एकच रफू केलेला,
विरजणाची बरणी,
आणि काळ्या पावाचं पीठ मळायची काठवट,
जी आमच्याकडे कधीच कुणी धुतली नाही.
"खरवडायची. धुवायची नाही," ती म्हणायची,
"तिच्या भेगांत कालचा दिवस असतो."

पाव थापता थापता शेवटी ती थांबायची.
एक मूठ पीठ बाजूला,
वर चिमूटभर मीठ, मग फडकं.
मी आठ वर्षांची, भुकेली,
"तेवढ्याचाही एक छोटा भाज ना!"
"सगळं भाजलंस तर उद्या कशाने फुगवशील?"
संपलं बोलणं.
हेल्यू तशी बोलणारी बाई नव्हतीच.
दूधकेंद्रावर कॅन मोजता मोजता
तिचे शब्द आकड्यांत खर्च होऊन जात.

मी तालिनला आले.
बंदरावर कंटेनरांची वेळापत्रकं लावते.
जहाज रॉटरडॅमला अडलं
की माझी रात्र इथे अडते.
उकु, माझा मुलगा, सहा वर्षांचा,
एकदा सूप पिताना म्हणाला,
"तू माझ्याशी बोलतेस, पण काचेला सांगतेस."
मी हसले. आणि काचेवर बोट फिरवून
एका माणसाला 'लगेच बघते' असं कळवलं.

मार्चअखेर फ्रिजमध्ये लोणच्यांच्या मागे
बरणी सापडली.
वर राखाडी पाणी, कडेला गुलाबी बुरशी.
हुंगून बघायचीही गरज नव्हती.
दोन वर्षं मी सगळंच भाजत आले होते,
शेवटची मूठसुद्धा,
आणि शाबासकी घेत होते त्याबद्दल.

बरणी घासताना मी आईवर चिडले.
तिने तरी कुठे ठेवली होती मूठ,
स्वतःपुरती?
तापात केंद्रावर जायची,
गुडघे सुजलेले असताना बटाटे काढायची.
तिचं सांगणं आणि तिचं जगणं
यांची आयुष्यात कधी भेट झाली नाही.
मग नळ बंद केला, आणि आठवलं:
शेजारची लेइदा, वाडगा घेऊन दारात.
आईने आपल्या मुठीतली अर्धी मूठ तिला दिली होती.
"देऊन ठेवावं. आपलं मेलं तर मागायला एक घर हवं."

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं 'विरजण आणायला'.
खोडलं. 'कौटुंबिक' लिहिलं.
तेही खोडून पुन्हा 'विरजण'.
रास्मुसने मंजूर केलं, काहीच न विचारता.
इतकं सोपं होतं, याचाच जास्त राग आला.

लेइदा आता एक्याऐंशीची.
मला आधी जेवायला बसवलं, "पाव पुरून उरो" म्हणाली,
आमच्याकडे जेवणाऱ्याला म्हणतात तसं,
आणि बरणी पुढ्यात ठेवली.
"हेल्यूचं आहे हे," म्हणाली,
जणू हेल्यू मागच्या खोलीत झोपली आहे.
मग माझ्याकडे बघत,
"वेळ लावलास यायला."

परतीच्या फेरीवर बरणी दोन्ही पायांत धरून बसले.

आज रविवार. उकुचे हात कोपरापर्यंत काठवटीत.
खिडकीत फोन थरथरतोय, सरकत सरकत
अगदी कडेला आलाय.
माझी बोटं पिठाने एकमेकांना चिकटलेली.
उचलला नाही असं म्हणणार नाही.
उचलता आला नाही.
उद्या सोमवार आहे, उद्याचं मला ठाऊक नाही.

उकुने शेवटची मूठ वर धरली,
"ही भाजायची नाही?"
मी समजावून सांगायला तोंड उघडलं,
मग मिठाची वाटी
त्याच्याकडे सरकवली.